लाल फुली

व्होल्टमीटरचा काटा सहा व्होल्टवर, अँमीटरचा अर्ध्या अँपिअरवर. मुलीने भागाकार केला आणि वहीत लिहिलं, तारेचा रोध बारा ओहम.

"अगं, याच तारेवर बाकी एकोणचाळीस जणांचं उत्तर दहा आलंय. तुझंच घोडं कुठे पेंड खातंय?" वर्ग खो खो हसला. सरांनी तिच्या वहीवर लाल फुली मारली.

वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेचा शिपाई चाचरत म्हणाला, "सर, सांगायचं राहूनच गेलं. जुनी दहा ओहमची तार जळाली होती. सुट्टीत नवी बसवली, बारा ओहमची."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणचाळीस जणांनी ते दहा कुठून उतरवलं, हे कुणाला विचारायची सोयच नव्हती.



सकाळी प्रयोग करून दाखवताना, मीटरकडे न बघताच त्यांनी लिहिलेलं उत्तर अजून फळ्यावर होतं.