विजूच्या वाट्याचं अंडं

काट्यावर विजूला तिसऱ्यांदा उभं केलं, तरी आकडा तोच. साडेदहा किलो. मागच्या महिन्यापेक्षा पाव किलो कमीच. पोरगी चार वर्षांची. कस्तुराने तक्त्यावर लाल रेघेखाली ठिपका दिला, पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले. सकाळपासून सतरा मुलं झाली होती. दापोडीच्या या अंगणवाडीत तिची एकोणीस वर्षं अशी वजनं करण्यात गेली होती.

महिन्याभरापासून एका कंपनीकडून कमी वजनाच्या मुलांना उकडलेली अंडी मिळत होती. विजूच्या वाट्याचं तेवढं रोज उरायचं.

"आजी, आज तरी खाऊ द्या तिला."

दारात बसलेल्या सोजरबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "न्हाई बाई. आमच्यात चालत न्हाई."

"मग दूध देत जा."

"चहापुरतं येतंय."

"डाळ तरी?"

सोजरबाई माळेचे मणी ओढत राहिल्या. विजूची आई पहाटेच कंपनीच्या बसने चाकणला जायची. दिवसभर पोर आजीच्याच गळ्यात.

कस्तुराचं सगळं सांगून झालं होतं. समजावून झालं, रागावून झालं. आज तिच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. तिने विजूचा दंड नुसता आजीच्या हातात दिला.

"तुम्हीच बघा."

सोजरबाईंचा अंगठा आणि बोट दंडाभोवती फिरून एकमेकांना भिडले, वर एकावर एक चढले. त्या बराच वेळ तशाच धरून बसल्या. मग उठल्या.

आता पोरीला घेऊन जाणार, असं कस्तुराला वाटलं. पण त्या एकट्याच बाहेर गेल्या. पायरीवर आतल्या बाजूला पाठ करून बसल्या आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

कस्तुराने घाईघाईने अंडं सोललं. विजूने आधी हुंगलं. मग वरचं पांढरं कुरतडून खाल्लं आणि आतला गोळा अख्खा तोंडात कोंबला. तिचे गाल टम्म फुगले.

"बाई," सोजरबाई मागे न बघता म्हणाल्या, "पाणी पाजा तिला. पिवळं लई कोरडं असतंय. घशात बसतंय."