नेलपॉलिशची रेघ

"सर, तुमचा नट परत ढिला! एका जागी बसेल तर शपथ," शर्वरी हसली.

रायफल क्लबातलं काडतुसं भरायचं यंत्र रोजच डुगडुगायचं. त्यामुळे दारूचं माप चुकलं, तर नेमबाजाचा डोळा जाण्याची भीती होती. हिंगे सरांनी थकल्या हाताने नट आवळला. "आता नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रेघ ओढ. नट फिरला, तर रेघ तुटेल."

तिने नेलपॉलिशने रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी यंत्र तसंच डुगडुगलं. रेघ मात्र सलग होती.

"म्हणजे नट फिरला नाही. मग ढिला कसा?" सरांनी विचारलं.

उत्तर कळून शर्वरीने मान खाली घातली.

"बोल की. बरोबर उत्तराला घाबरायचं नसतं."

"काल तो... आवळलाच गेला नव्हता, सर."

"शाब्बास." सरांनी मनगट चोळत पाना तिला दिला. "कालची काडतुसं बाजूला काढ. आजपासून तू आवळ."