टेढी भिंत

"तीन सत्तर," शालन म्हणाली.

टेपवर तीन साठ होते.

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुलोचना गुडघ्यांवर बसली होती. टेपचं शून्याचं टोक तिने अंगठ्याने भिंतीशी दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या कागदावर, खोलीच्या कच्च्या चित्रात, आकडा उतरवत होती. तीन मीटर सत्तर. तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. शालनने घाईघाईने टेप गुंडाळली.

दोघी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. जयपूरच्या जुन्या शहरातली एक हवेली वर्गाला मोजायला दिली होती. मोजायचं दोघादोघांनी मिळून, नकाशा मात्र ज्याने त्याने आपापला काढायचा. सगळ्यात चांगला नकाशा दिल्लीच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि त्याच्याबरोबर काढणाराही. वर्गात मराठी मुली दोनच, त्याही एकाच रेल्वे कॉलनीतल्या, तेव्हा जोडी आपोआप जमली.

जोडी कसली! शालनने आठ-आठ दिवस मान मोडून शीट काढावी, शाईचा बारीकसा डाग दिसला तरी ब्लेडने खरवडून काढावा. आणि सुलोचनाने आदल्या संध्याकाळी, तेही शालनच्याच पेन्सिली मागून नेऊन, चार रेषा ओढाव्यात. सर सुलोचनाची शीट वर्गापुढे धरायचे. शालनच्या शीटपाशी थांबून म्हणायचे, "साफ़ काम है." साफ! जशी काही तिने फरशी पुसली होती. बरं, सुलोचनाने जरा तोरा मिरवला असता तर शालनला तिच्यावर मनसोक्त चिडता तरी आलं असतं. पण ती बया शीट बगलेत मारून शालनच्याच घरी यायची आणि तिच्या आईच्या हातचं पिठलं चापून खायची. वर आई शालनलाच विचारायची, "तुला गं का जमंना हिच्यावानी?"

शालनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज आकडे वाचणारी ती होती. दहा सेंटिमीटर, फार नाही. पण एक भिंत चुकली की शेजारची खोली बसत नाही, मग जिना बसत नाही, मग सगळा मजलाच अडतो. सर लाल पेन्सिल नेमकी तिथेच टेकवणार. शालनने स्वतःच्या कागदावर आकडा लिहिलाच नव्हता. तीन साठ तिच्या डोक्यात होते. घरी गेल्यावर लिहिता आले असते.

"हो गया, बाईसा?" घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. सत्याऐंशी सालची रविवारची सकाळ. खाली अर्धी गल्ली तिच्या टीव्हीपुढे जमली होती आणि तिचा एक कान तिकडेच होता. भिंतीशी असलेली लोखंडी पेटी तिने या मुलींसाठी ओढून खोलीच्या मध्यावर ठेवली होती.

"हो गया, माँजी," शालन चटकन म्हणाली आणि तिने स्वतःच पेटीला जोर लावला. पेटी भिंतीला टेकली, बाई खाली गेली, तेव्हा कुठे शालनचा जीव भांड्यात पडला.

तोवर सुलोचनाची पेन्सिल थांबली होती.

"शालन, समोरची भिंत किती होती गं?"

"तीन साठ."

"आणि ही तीन सत्तर?"

शालनने पेटीवर हात रोवला. आता ही उठणार, पेटी सरकवणार, टेप मागणार.

"परत बघायची का?" ती कशीबशी म्हणाली. पेटीवरचा हात मात्र तिने काढला नाही.

सुलोचनाने भिंतीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग शालनकडे. आणि हसली.

"छे गं. मी वाचलं असतं तर परत बघितलं असतं. तू वाचलंस ना? मतलब, या दोन भिंतींमधली ही खिडकीवाली भिंतच टेढी आहे."

तिने कागदावरची खिडकीची भिंत खोडली आणि तिरकी करून पुन्हा ओढली.

सांगून टाकावं, असं शालनला वाटलं. वाचताना चूक झाली, एवढंच म्हणायचं. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तिचं लक्ष त्या रेषेकडे गेलं. पट्टी नाही, काही नाही; एका दमात, न थरथरता ओढलेली. जी भिंत तशी नव्हतीच, ती या पोरीने काढली कशी होती! शालनचा पुन्हा जळफळाट झाला. तिने तोंड मिटलं.

"अगं, तुझी अजून सरळच आहे की! आणि आकडाही नाही लिहिलास." सुलोचना सरकत तिच्याजवळ आली. "आण इकडे, मी करून देते. तुला खाडाखोड केलेली आवडत नाही, माहीत आहे मला."

नको म्हणायला कारण काय सांगणार? शालनने कागद दिला. सुलोचनाने तिची सरळ भिंत अलगद पुसली, तिथे तिरकी ओढली, कडेला नीटनेटकं ३.७० लिहिलं आणि रबराचा चुरा फुंकून टाकला.

"घे. आता दोघींचं सारखं."

शालन कागदाकडे बघत राहिली. बाकीच्या सगळ्या रेषा तिच्या होत्या, खऱ्या होत्या, साफ होत्या. सुरेख तेवढी ती एकच होती.