पक्का कान

"साहेब, फोटो ठेवा खिशात. त्याचा काही उपयोग नाही," हवालदार मोतीलाल म्हणाला. "पाकिस्तानी बाई ओळखायची तर तिला बोलायला लावायचं. आपला कान पक्का आहे."

फौजदार घोरपड्यांनी तरी फोटो पुन्हा पाहिला. ओढणीत गुंडाळलेला एक धुरकट चेहरा, एवढंच. ते साताऱ्याकडचे, बदलीवर नवेच आलेले. इथली बोली त्यांना निम्मीशिम्मीच कळायची. त्यामुळे मोतीलालच्या कानावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता, आणि मोतीलाल ते त्यांना विसरू देत नव्हता.

काम तसं साधं होतं. धरणगावच्या गुलाब पिंजाऱ्याकडे त्याची बहीण हाजराबी कराचीहून आली होती. व्हिसा संपला, मुदतवाढ नाकारली गेली, तरी बाई परत जायला तयार नव्हती. जळगावच्या रतिलाल वकिलांनी कोर्टात अर्जाची तयारी केली होती. आज दुपारी बाई स्वतः न्यायाधीशांपुढे उभी राहिली, की निकाल लागेपर्यंत तिला कोणी हात लावू शकणार नव्हतं. नाही राहिली, तर संध्याकाळच्या गाडीने पंजाबात आणि तिथून सरहद्दीपार. म्हणून सकाळपासून धरणगावच्या एस.टी. स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर पोलीस उभे होते.

गुलाबच्या दारात पन्नाशी ओलांडलेली, लुगडं नेसलेली एक बाई गादीला टाके घालत बसली होती. जीप थांबली तरी तिचा हात थांबला नाही.

"अक्का, गुलाबभाऊ शे का घरमा?" मोतीलालने विचारलं.

"जळगावले गयेल शे. कोर्टमा," अक्का म्हणाली. "तुमी हाजराले लेवाले उनात ना?"

"काय करसूत अक्का. वरना हुकूम शे."

"वरना म्हंजे कोना? ती आठे जलमनी. ह्याच घरमा. लगीन करीसन कराचीले गयी, तधळ बठ्ठा एकच मुलूख व्हता. तिनी काही सरहद्द वलांडी नही, सरहद्दच तिना मांगे उनी. आते नवरा मरी गया, पोरंसोरं नहीत. मरानं ते मायना घरमा मरसू म्हनस. त्यामा सरकारना काय बिघडस?"

फौजदारांना शब्द सगळे कळले नाहीत, रोख मात्र पोचला. मोतीलालचं लक्ष भलतीकडेच होतं.

"तधळ!" तो हरखून म्हणाला. "साहेब, तधळ म्हणजे तेव्हा. हा शब्द माझी आजी बोलायची. आता गावातसुद्धा ऐकू येत नाही. याला म्हणायचं अस्सल खानदेशी."

"बाई, माझ्या हातात काही नाही," फौजदार म्हणाले. "तिला बाहेर बोलवा."

"नही बलावस. मन्हा घरमा कोनले बलावानं, हाई तुमी माले शिकाडू नका. ती कोठेच जावाव नही."

तेवढ्यात आतला पडदा सरकला. तिच्याच वयाची दुसरी बाई दारात आली. अंगात सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी.

"तशरीफ रखिए, दरोगासाहब," ती म्हणाली. "धूप में क्यों खडे हैं?"

मोतीलालने साहेबांकडे पाहून भुवई उडवली. धरणगावात तशरीफ कोण ठेवतं?

"चला बाई. सामान घ्या," फौजदार म्हणाले.

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अक्का काही बोलणार होती, पण ओढणीवालीने आधीच चपला पायात घातल्या. "चलिए," ती म्हणाली. रडारड नाही, गयावया नाही. फौजदारांना ते जरा खटकलं, पण बरंही वाटलं.

अक्काने सुई गादीत खोचली आणि उठली. "एकलीले जाऊ देवाव नही. मी बी येस. माले कोर्टपान उतारी द्या. जज्जले मी सांगसू."

मोतीलाल हसला. "अक्का, जिना अर्ज तीच नही, ते जज्ज काय करी?"

"काय करी ते मी देखसू."

या म्हातारीच्या हिमतीपुढे फौजदारांना मनातून ओशाळल्यासारखं झालं. निदान एवढं तरी करावं. "बसू द्या तिला," ते म्हणाले. "कोर्ट वाटेतच आहे."

पाळधीच्या नाक्यावर पोलिसाने जीपला हात केला. "सापडली," मोतीलालने आतूनच सांगितलं, आणि त्याने सलाम ठोकून गाडी सोडली. मागे दोघी हातात हात घालून बसल्या होत्या.

कोर्टाच्या फाटकाशी जीप थांबली. मोतीलालने स्वतः खाली उतरून अक्काला हात दिला. म्हातारं माणूस, त्यातून आपल्या बोलीचं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ मानेने आत गेली. गुलाब आणि रतिलाल वकील दारातच उभे होते. मोतीलालला त्यांची दया आली.

पोलीस कचेरीत फौजदारांनी त्या दुसऱ्या बाईला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि फाइल उघडली.

"हाजराबी ना तुम्ही?"

"जी नहीं. रोशनआरा," ती म्हणाली. "भोपाल की हूँ. गुलाब पिंजारी की बीवी. उम्र यहीं कटी, मगर जबान नहीं बदली. घर में सब हँसते हैं."

मोतीलालच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"नाम तो किसी ने पूछा ही नहीं."

"मग हाजराबी कुठे आहे?"

"जजसाहब के सामने होंगी," रोशनआरा म्हणाली. "हवालदारसाहब ने ही तो हाथ देकर उतारा."