भांडकुदळ ताई

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. एका भांडकुदळ बाईची गोष्ट सांगतो. एका कारखान्यात नव्या यंत्रासाठी नवी इमारत उठत होती. तिथल्या देखरेखीच्या ताई रोज सकाळी बांधकामवाल्याला आणि यंत्रवाल्याला समोरासमोर उभं करायच्या आणि त्यांची चांगली जुंपवून द्यायच्या. दोघांचे घसे बसेपर्यंत काम मार्गी लागलेलं असायचं. मोठ्या साहेबांना तो गोंगाट सोसेना. त्यांनी ताईंना घरी बसवलं आणि देखरेख बाहेरच्या कंपनीला दिली. आता ज्याने त्याने फोनवरून त्या कंपनीशीच बोलायचं, एकमेकांशी नाही. कारखान्यात गाभाऱ्यासारखी शांतता पसरली. इमारत वेळेत झाली, अहवाल झकास आले, आणि यंत्र आलं ते दारातून आत जाईना.

साहेबांनी कंपनीला फोन लावला. "अहो, बुडालो आम्ही. आमच्या ताईंसारखं कुणीतरी खमकं माणूस पाठवा."

"आपली मागणी वर कळवते, सर," पलीकडून मऊ आवाज आला.

साहेबांनी आवाज ओळखला. "ताई, तुम्ही?"

"पोटासाठी लागले इथे. दार लहान पडतंय हे मला कधीच कळलं होतं, साहेब. दोघांचेही फोन मीच घेत होते. पण एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, असा इथला नियम आहे. मोडला तर पुन्हा घरी."

देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.