तंदुरुस्तीचा दाखला

उपचारांच्या खोलीतल्या टेबलावर फुटबॉलपटू तोफ पालथा पडला होता. फिजिओने त्याच्या उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवली, तसा तो कळवळला. सकाळच्या सरावात धावता धावता तो मांडी धरून खाली बसला होता. बोटांखाली खळगा लागत होता.

“स्नायू फाटलाय,” ती म्हणाली. “तीन आठवडे मैदानाचं नाव काढायचं नाही.”

“तीनच ना? मग बरंच झालं, मॅडम.”

गोल मारायच्या धडाक्यामुळे सगळे त्याला तोफ म्हणत. आठ दिवसांपूर्वी कुणीतरी सोशल मीडियावर फिजिओचा फोटो टाकला होता, पिशवी घेऊन मैदानात धावत जातानाचा. त्याखाली तोफने लिहिलं, ‘अशी बाई पाय चोळायला येणार असेल, तर मी रोज पाय मोडून घेईन. आणि पायापाशीच कशाला थांबायचं?’ दिवस मावळायच्या आत लाखभर लोकांनी ते वाचलं. रविवारच्या सामन्यात ती मैदानात धावली, तेव्हा प्रेक्षकांतली एक अख्खी रांग मांड्या धरून विव्हळायला लागली. तिने गोलरक्षकाचा मुरगळलेला घोटा बांधला आणि मान वर न करता परत आली. तक्रार तिने केलीच नव्हती. बोभाटाच इतका झाला, की महासंघाच्या शिस्त समितीला जाग आली. आज चार वाजता सुनावणी होती.

दार लोटून संघाचा व्यवस्थापक आत आला. तसा भला माणूस. तिला नोकरीवर घेताना सगळ्या संचालकांशी तोच भांडला होता. त्याने तिच्या पुढ्यात छापील फॉर्म ठेवला.

“समितीला वैद्यकीय दाखला लागतो. खेळाडू आजच्या तारखेला तंदुरुस्त आहे, एवढं लिहून सही करा. तुमचीच सही असली, की कुणाला बोलायला जागा उरणार नाही.”

“सर, याला धड चालता येत नाहीये.”

व्यवस्थापक स्टूल ओढून बसला आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावून सांगू लागला. तीन सामन्यांची बंदी येणार, हे आतून कळलं होतं. आठवड्याला एक सामना. पण खेळाडू जायबंदी असेल, तर बंदी तो बरा झाल्यावर सुरू होते, असा नियम. म्हणजे तीन आठवडे दुखण्यापायी आणि वर तीन शिक्षेपायी. तंदुरुस्त लिहिलं, तर दोन्ही एकदमच उरकतात.

“म्हणजे शिक्षा झालीच नाही,” ती म्हणाली.

“झाली नाही कशी? उद्या सगळ्या पेपरांत येईल.”

“मी खोटं लिहिणार नाही, सर.”

“बघा बरं का.” त्याचा आवाज मऊच होता. “तुम्ही दुखापत लिहिलीत, तर त्याची बंदी लांबणार. लोक काय म्हणतील? बाईने दाखल्यातून सूड उगवला. मग स्नायू खरंच फाटला होता का, हे कुणी विचारायला येणार नाही.”

टेबलाला तोंडासाठी असलेल्या भोकात तोंड घालून तोफ सगळं ऐकत होता.

तिने पेन उचललं. उजवी मांडी, मागचा स्नायू फाटलेला, तीन आठवडे विश्रांती. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर वाकडं झालं नाही, याचंच तिला जरा बरं वाटलं.

व्यवस्थापकाने ते वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि उठला. रागावला मात्र नाही. खिडकीतून तिला आवार दिसत होतं. क्लबचे डॉक्टर गाडीत बसायच्या बेतात होते. व्यवस्थापकाने दुसरा फॉर्म काढून गाडीच्या टपावर धरला. डॉक्टरांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. सही ठोकली, गाडी सुरू केली.

पाच वाजता निकाल आला. तीन सामने बंदी. ‘अशा प्रवृत्तीची गय केली जाणार नाही,’ समितीचे अध्यक्ष टीव्हीवर सांगत होते. तिच्या फोनवर अभिनंदनाचे निरोप यायला लागले. शाळेतल्या मैत्रिणी, शेजारीण, कधी न बोललेला एक चुलतभाऊ. मग आईचा फोन आला.

“झालं ना गं मनासारखं? आता विषय वाढवू नकोस, बाई.”

दोन दाखल्यांची गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. पण दाखवायला हातात काय होतं? तिने लिहिलेला कागद दुसऱ्याच्या खिशात होता, आणि समितीपुढे गेलेल्या कागदावर डॉक्टरांची सही होती.

“हो,” ती म्हणाली. “झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला तोफ लंगडत आला आणि टेबलावर पालथा पडला. त्याच्या नावाने माफीनामा क्लबच्या कचेरीतून जाऊन चुकला होता. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी त्याची सुरुवात होती. त्याने स्वतः तो वाचला असेल, असं तिला वाटलं नाही. तिने बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली.

“मॅडम, तीन आठवड्यांत होईल ना?” त्याने खालूनच विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, खरीखुरी काळजी होती. “नाहीतर शिक्षा वाया जायची.”

तिने बर्फाच्या पिशवीवरून पट्टा आवळला.

“होईल,” ती म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशीच तो धावायला लागला. तिच्या हाताला गुणच तसा होता.