पाठ केलेला तक्ता

“डोळ्यांचा तक्ता पाठ आहे ना मला! ग, म, ट, र, प,” क्रेनवाले काका हसत म्हणाले. मग हसू मावळलं. “हल्ली नुसतं धुरकट दिसतं, ताई. तुमच्यापाशी म्हणून बोललो. बाहेर फुटू देऊ नका. रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत.”

कारखान्याच्या दवाखान्यातली नर्सबाई रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत राहिली. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत मांडायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि त्याच क्रेनच्या हुकाखाली तिचा सख्खा भाऊ दिवसभर उभा असायचा. त्याला सांगावं, तर त्याच्या पोटात काही म्हणून राहत नसे. दोन दिवस ती यातून वाट शोधत राहिली.

मग तिला युक्ती सुचली. आपण तोंड उघडायचंच नाही. कपाटात वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता होता. कामगारांच्या वार्षिक डोळे-तपासणीच्या दिवशी सकाळी तिने जुना उतरवला आणि तो टांगला. काका आपोआप सापडतील, पुढचं डॉक्टर बघून घेतील. डॉक्टर भलतेच खमके. मॅनेजरच्या मेहुण्यालाही त्यांनी तोंडावर अनफिट ठरवून घरी पाठवलं होतं.

डॉक्टर आले. तक्ता का बदलला, असं विचारलं तर काय सांगायचं, याची तिने जुळवाजुळव करून ठेवली होती. पण त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सुटले बाई एकदाची, असं तिला झालं.

“फॉर्म तुम्हीच भरा हो,” ते नेहमीसारखे म्हणाले. “माझं अक्षर देवालाही लागायचं नाही.”

काका खुर्चीत बसले. तिच्या दिशेने पाहून त्यांनी विश्वासाने मान हलवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हं, वाचा.” डॉक्टर तक्त्याशेजारी उभे राहिले. छडी पहिल्या अक्षरावर टेकवली. तिथे पंजाएवढा ‘ल’ होता.

“ग,” काका खणखणीत आवाजात म्हणाले.

छडी पुढे सरकली. ‘ध’.

“म.”

नर्सबाईने फॉर्मवर पेन टेकवलं. आता डॉक्टर कडाडणार, मग कडाडणार. काकांनी “ट, र, प” म्हणत ओळ संपवलीसुद्धा.

डॉक्टर वळले. चेहऱ्यावर अगदी समाधान.

“शाबास काका, एकही चूक नाही! सिस्टर, फिट लिहा. आणि सही कुठे करायची, तिथे जरा माझा हात धरून टेकवा.”